विश्लेषण : चष्म्याने दिसत नाही, लेन्स बसत नाही, केराटोकोनसच्या रुग्णाने जायचे कुठे?

ओझरमध्ये मायक्रॉन म्हणजे काय, हे फार समजावून सांगावे लागत नाही. १९६४ पासून इथे लढाऊ विमानांचा कारखाना आहे. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने सुटा भाग बाद होऊ शकतो, हे कारखान्यात आणि आसपासच्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांना रोज अनुभवायला मिळते.

माणसाच्या डोळ्यातही असाच मायक्रॉनमध्ये मोजावा लागणारा एक भाग आहे. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया. मधोमध त्याची जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. केराटोकोनस या आजारात हा पडदा हळूहळू पातळ होतो, डोळ्याच्या आतल्या दाबाने पुढे येतो आणि त्याची गोलाई जाऊन त्याला शंकूसारखा आकार येतो. आजार बहुधा किशोरवयात किंवा विशीत सुरू होतो आणि पस्तिशी-चाळिशीपर्यंत वाढू शकतो. म्हणजे ऐन शिक्षणाच्या आणि कमाईच्या वयात.

समजा, ओझरचा एक मुलगा आयटीआय करतो आहे. दहावीत चष्मा लागला, बारावीपर्यंत तो तीनदा बदलला. दुकानदार दर वेळी ‘सिलिंडर वाढला’ एवढेच सांगतो. नवा चष्मा घातला तरी अक्षरांना सावल्या दिसतात, मुंबई-आग्रा महामार्गावर रात्री समोरच्या गाडीचा दिवा फुटलेल्या फटाक्यासारखा पसरतो आणि व्हर्नियर कॅलिपरवरच्या रेघा दुहेरी दिसू लागतात. अशा मुलाला निदान होईपर्यंत दोन-तीन वर्षे सहज जातात. निदान झाले की घरच्यांना वाटते, आता उपचार सुरू होतील. प्रत्यक्षात इथून वेगळाच झगडा सुरू होतो. तो असतो डोळ्याला बसणारी लेन्स मिळवण्याचा. आपल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेत चष्म्याला जागा आहे, शस्त्रक्रियेला जागा आहे. या लेन्सला मात्र कोणताच रकाना नाही. केराटोकोनसच्या रुग्णाची लेन्स ही हौस नाही, ते श्रवणयंत्रासारखे साधन आहे. व्यवस्थेनेही ते तसेच मानायला हवे.

आजार खरेच इतका दुर्मीळ आहे का?

केराटोकोनसची गणना दुर्मीळ आजारांत करण्याची सवय पाश्चात्त्य आकडेवारीवरून लागली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या एका जुन्या अभ्यासात लाखात सुमारे ५५ रुग्ण आढळले होते. महाराष्ट्रातला आकडा वेगळे सांगतो. नागपूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ झाला. त्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की तिशीपुढच्या साडेचार हजारांहून अधिक लोकांपैकी सुमारे २.३ टक्के लोकांच्या कॉर्नियाची वक्रता ४८ डायॉप्टर किंवा त्याहून जास्त होती. या अभ्यासात केवळ वक्रतेवरून केराटोकोनस ठरवला होता, कॉर्नियाचा पूर्ण नकाशा काढला नव्हता. त्यामुळे दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही आणि खरे प्रमाण याहून कमीही असू शकेल. तरीही ‘आपल्याकडे हा आजार कुठे असतो’ असे म्हणण्याइतका हा आकडा लहान नाही.

डोळे जोरजोराने चोळण्याची सवय आणि डोळ्यांची ॲलर्जी यांचा या आजाराशी संबंध आढळला आहे. निफाड तालुक्यातल्या द्राक्षपट्ट्यात राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. धूळ, फवारणी, गंधकाची भुकटी यांनी डोळे चुरचुरले की हात आपोआप डोळ्यांकडे जातो. डोळ्यांची खाज औषधाने थांबवता येते. ती चोळून थांबवणे महागात पडू शकते.

चष्मा का पुरत नाही?

साध्या नंबरमध्ये डोळ्याचा दोष नियमित असतो, म्हणून नियमित आकाराची काच तो भरून काढते. केराटोकोनसमध्ये पृष्ठभागच वेडावाकडा झालेला असतो. एकाच बाहुलीतून जाणारे किरण वेगवेगळ्या जागी पडतात आणि एका अक्षराची तीन अक्षरे दिसतात. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही बहुतेकदा कामाची ठरत नाही, कारण ती खालच्या उंचवट्याचाच आकार घेते.

कडक लेन्सचे गणित निराळे आहे. ती आपला आकार सोडत नाही. तिच्या आणि कॉर्नियाच्या मध्ये अश्रूंचा थर भरतो. रस्त्यावरच्या खड्ड्यांत पावसाचे पाणी साचले की वरून पृष्ठभाग सपाट दिसतो, तसेच इथे होते. अश्रूंनी खाचखळगे भरतात आणि प्रकाशाला गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. ही कल्पना नवी नाही. १८८८ मध्ये आडोल्फ फिक आणि युजीन काल्ट यांनी काचेच्या लेन्सचे पहिले प्रयोग केले, तेव्हा त्यांच्यासमोर केराटोकोनसचे रुग्णही होते. आज चष्म्याला पर्याय म्हणून मिरवली जाणारी कॉन्टॅक्ट लेन्स सुरुवातीला अशा आजारी डोळ्यांसाठीही घडवली जात होती.

मग लेन्स बसत का नाही?

कारण प्रत्येक शंकू वेगळा असतो. एकाच माणसाच्या दोन डोळ्यांतलाही. दुकानात नंबर सांगून ही लेन्स घेता येत नाही. आधी टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या चढउतारांचा नकाशा काढावा लागतो. मग चाचणी लेन्स डोळ्यात घालून, पिवळसर रंग टाकून निळ्या प्रकाशात पाहावे लागते. लेन्स जास्त सपाट असेल तर ती शंकूच्या टोकावर घासते आणि कालांतराने तिथे व्रण पडू शकतो. जास्त खोल असेल तर खाली हवेचा बुडबुडा अडकतो किंवा लेन्स डोळ्याला चिकटून बसते.

पर्याय तीन-चार आहेत. आरजीपी ही छोटी कडक लेन्स तुलनेने स्वस्त असते, पण सुरुवातीला टोचते, आणि धुळीचा कण खाली गेला तर माणूस जागीच थांबतो. पिगीबॅकमध्ये खाली मऊ आणि वर कडक अशा दोन लेन्स घालतात. हायब्रिड लेन्सचा मध्य कडक आणि कडा मऊ असते. स्क्लेरल लेन्स मोठी असते. ती कॉर्नियाला स्पर्श न करता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि मधल्या पोकळीत निर्जंतुक सलाईन भरलेले असते. आजार बराच पुढे गेलेल्यांना आणि धुळीत काम करणाऱ्यांना ती बऱ्याचदा सोयीची पडते. मात्र काही तास घातल्यावर ती थोडी खाली बसते. म्हणून सकाळी ठीक वाटलेली लेन्स दुपारी पुन्हा तपासावी लागते. काहींना दिवसाच्या मध्यावर धुके आल्यासारखे दिसते, मग लेन्स काढून, धुऊन, सलाईन भरून पुन्हा घालावी लागते. कारखान्याच्या पाळीत किंवा बागेत काम करताना स्वच्छ हात, आरसा आणि दहा मिनिटे कुठून आणायची, हा प्रश्न उरतोच.

स्क्लेरल लेन्सची किंमत एका डोळ्याला अनेकदा पाच आकड्यांत जाते आणि ती आयुष्यभर टिकत नाही. शिवाय चाचणी लेन्सचे पूर्ण संच आणि त्यात मुरलेले ऑप्टोमेट्रिस्ट प्रामुख्याने मोठ्या शहरांतल्या केंद्रांत आढळतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेसारख्या ठिकाणी अशा लेन्सचे काम अनेक वर्षे चालू आहे. पण ओझरच्या मुलाला मुंबई किंवा पुणे गाठायचे तर प्रत्येक फेरीत एक दिवस आणि एक दिवसाची मजुरी जाते, आणि बसण्याची चाचणी एका फेरीत क्वचितच संपते. अनेक जण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर नाद सोडतात. ‘लेन्स सूट झाली नाही’ या वाक्यामागे बहुतेकदा एवढेच असते, की योग्य लेन्सपर्यंत पोहोचण्याआधी पैसे किंवा रजा संपली.

क्रॉस-लिंकिंग केले की झाले ना?

इथे मोठा गैरसमज आहे. क्रॉस-लिंकिंगमध्ये रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब आणि अतिनील किरण वापरून कॉर्नियाचे धागे घट्ट केले जातात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये विकसित झालेल्या या पद्धतीला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. तिचे काम आजार थोपवण्याचे आहे, आणि आजार वाढत असेल तर ती वेळेवर करून घ्यायलाच हवी. पण त्यानंतर बहुतेकांना स्पष्ट दिसण्यासाठी चष्मा किंवा लेन्स लागतेच. मूळ पद्धतीत कॉर्नियाची जाडी किमान ४०० मायक्रॉन असावी लागते. म्हणजे उशीर झाला तर हा सरळ मार्गही अरुंद होतो.

शेवटचा पर्याय नेत्ररोपणाचा. त्यासाठी दान केलेले डोळे हवेत आणि रोपणानंतरही पुष्कळांना कडक लेन्स लागते. बेल्जियममधील अँटवर्पच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये नोंदवले, की एरवी रोपण करावे लागले असते अशा ५१ डोळ्यांपैकी ४० डोळ्यांचे काम स्क्लेरल लेन्सवर भागले. चांगली बसलेली लेन्स शस्त्रक्रिया टाळू शकते, असा याचा अर्थ. शस्त्रक्रियेसाठी पैसे शोधणाऱ्या व्यवस्थेला हा हिशेब कळायला हरकत नसावी.

कायद्यातला पेच

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार अल्पदृष्टी ठरवताना ‘चांगल्या डोळ्याची, शक्य तितक्या उत्तम दुरुस्तीनंतरची’ दृष्टी पाहतात. ती ६/१८ पेक्षा कमी असावी लागते. केराटोकोनसचा रुग्ण योग्य लेन्स घालून ६/९ वाचू शकतो. म्हणजे कागदावर त्याला काहीच अडचण नाही. पण ती लेन्स त्याच्याकडे नाही, कारण ती परवडत नाही. श्रवणयंत्रे, व्हीलचेअर अशी साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ते लेन्समुळे मिळत नाही, आणि प्रमाणपत्र नसल्यामुळे लेन्स मिळत नाही. आरोग्य विम्याचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर असल्याने लेन्सचा खर्च सहसा त्याच्याही बाहेर राहतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. निधी मर्यादित आहे, मोतीबिंदूचे रुग्ण कितीतरी पट अधिक आहेत. आधी ते पाहायला नको का? जरूर पाहावे. पण इथे मागणी सगळ्यांना दिव्यांग ठरवण्याची किंवा सरसकट फुकट लेन्स वाटण्याची नाही. ज्याला चष्म्याने दिसत नाही आणि लेन्सने दिसते, असे नेत्रतज्ज्ञाने लिहून दिले, त्याला उत्पन्नानुसार साहाय्य मिळावे, एवढी आहे. विशीतला माणूस पुढची तीस-चाळीस वर्षे कमावणार की घरी बसणार, हे त्यावर ठरते.

काय करता येईल?

पहिले काम शाळेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येतात, मुलांची नजर तपासतात. त्यांनी मागच्या वर्षीचा नंबरही पाहावा. वर्षभरात सिलिंडर एक डायॉप्टरने वाढला किंवा नव्या चष्म्यानेही शेवटच्या ओळी वाचता येत नसतील, तर मुलाला नवा चष्मा देऊन परत न पाठवता टोपोग्राफीसाठी पाठवावे.

दुसरे काम जिल्ह्यात. प्रत्येक जिल्ह्यात किमान एका सरकारी रुग्णालयात टोपोग्राफी आणि चाचणी लेन्सचा एक संच असावा. निर्जंतुक करून हा संच पुन्हा पुन्हा वापरता येतो. मोतीबिंदूची शिबिरे भरतात, तसा महिन्यातून एक दिवस लेन्स बसवण्याचा ठेवला तरी ओझर, निफाड, दिंडोरीच्या रुग्णाची मुंबईची फेरी वाचेल.

आणि रुग्णाने? डोळे चोळू नयेत. प्रत्येक तपासणीचा टोपोग्राफीचा कागद जपावा, कारण आजार वाढतो आहे की थांबला, हे जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवूनच कळते. लेन्सला नळाचे पाणी लावू नये, ती घालून झोपू नये. डोळा लाल झाला, दुखला किंवा अचानक पांढुरका होऊन दिसेनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एका ठिकाणी लेन्स बसली नाही, तर कोणता प्रकार आणि कोणते माप वापरून पाहिले, हे लिहून घ्यावे. पुढच्या केंद्रात तेवढ्या फेऱ्या वाचतात.

संच आणि यंत्रे येतील तेव्हा येतील. शाळेच्या आरोग्य कार्डावर ‘मागील नंबर’ असा एक रकाना मात्र येत्या जूनपासूनही छापता येईल.