मोरीचा वास आणि बाईची लाज

वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की आम्ही रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन असे विषय मांडतो. बायका ऐकून घेतात. बैठक उठली की एखादी मागे रेंगाळते आणि हळू आवाजात विचारते, "सिस्टर, मोरीला लई वास येतो, काय टाकू?" हळू विचारते, कारण तिला लाज वाटते. मोरीला वास म्हणजे बाई नीट नाही, असे सासू तोंडावर म्हणते, पाहुणे मनात म्हणतात आणि शेवटी तिलाही ते खरे वाटू लागते. बाहेरचे लोक तर अख्ख्या वस्तीलाच तसे म्हणत आले आहेत.

भगिनींनो, आमचे मत स्पष्ट आहे. दहा बाय दहाच्या खोलीत दिवसातून तीनदा मोरी घासणाऱ्या बाईला आळशी म्हणणे बंद झाले पाहिजे. हा वास बहुतेक वेळा घासण्याचा नसतो, पाइपाचा असतो. आणि पाइप काही तिने बसवलेला नाही.

वास दोन जागांहून येतो. एक, आपल्याच मोरीच्या भोकात आणि पाइपात चिकटलेल्या मळाचा. दुसरा, बाहेरच्या गटाराचा, जो पाइपातून उलटा घरात शिरतो. दोन्हींचा उपाय वेगळा आहे, म्हणून आधी ओळखायला शिका. रात्री मोरीत तांब्याभर पाणी हळू ओता आणि थांबा. वास लगेच कमी झाला, तर तो गटाराचा होता आणि पाण्याने त्याची वाट अडवली. पाणी ओतूनही तसाच राहिला, तर भोकाच्या तोंडाशी मळ असू शकतो. शेजारणीने बादली ओतली की तुमच्या मोरीत गुडगुड होते, किंवा पाऊस आणि समुद्राची भरती एकत्र आली की वास भपकन येतो, तर दोष पुढच्या लाइनीत आहे. तिथे तुमचा ब्रश पोचणार नाही.

पाण्याने वाट अडवली म्हणजे काय, तर इमारतीतल्या सिंकखाली पाइप वाकवलेला दिसतो ना, त्या वाकात दोनेक इंच पाणी कायम साचून राहते. तेच गटाराच्या हवेला लागलेले बूच. मोरीसाठी हेच काम 'नहाणी ट्रॅप' करतो. हा शब्द आपल्या न्हाणीवरूनच गेलेला आहे, हिंदी बोलणारा प्लंबरही तो ओळखतो. वस्तीत मात्र मिस्त्री पैसे आणि जागा वाचवायला सरळ पाइप गटारात सोडतो, आणि मग कितीही फिनेल ओता. काही घरांत ट्रॅप असतो, पण पाणी सावकाश जाते म्हणून जाळीखालची वाटी कुणीतरी काढून माळ्यावर टाकलेली असते. ती शोधा, घासा, परत बसवा. एवढ्यानेच वास गेलेली घरे आम्ही पाहिली आहेत. उन्हाळ्यात गावाहून परतल्यावर घर वासाने भरलेले असते, तेही याच कारणाने: ट्रॅपमधले पाणी सुकून जाते. आल्याबरोबर बादलीभर पाणी सोडा.

ओट्यावर सिंक असेल तर खालची पांढरी लवचिक नळी बघा. बहुतेक घरांत ती सरळ भोकात खुपसलेली असते. ती खाली झोळीसारखी वाकवून, पुन्हा वर घेऊन सुतळीने किंवा तारेने बांधा, म्हणजे वाकात पाणी राहील. नळी आणि भोक यांच्यामधली फट सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बंद करा. झुरळांचा रस्ताही तोच असतो. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि घरातल्या पुरुषांनी करावे. मोरी दाखवून बायकोला बोलणाऱ्यांनी तर नक्कीच.

आता मळाचे. रविवारच्या रश्श्यावरची तेल-चरबी गरम असते तोवर पाण्यासारखी जाते. पुढे पाइपात थंड झाली की थिजते आणि तिला भाताची शिते, चहाचा चोथा, केस चिकटतात. तिथे हवा पोचत नाही, अशा जागी वाढणारे जंतू कुजलेल्या अंड्यासारखा वास सोडतात. त्याला हायड्रोजन सल्फाइड म्हणतात. म्हणून तेलकट कढई आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसा, मग घासा. भोकावर बारीक जाळी ठेवा आणि खरकटे डब्यात टाका. आठवड्यातून एकदा भोकाच्या आतली कड बाटली धुण्याच्या ब्रशने खरवडा, दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा टाकून वरून गरम पाणी सोडा. खळखळ उकळते नको, प्लास्टिकचा पाइप मऊ पडतो. खायचा सोडा आणि व्हिनेगर टाका असे मोबाइलवर सांगतात. फेस छान येतो, पण दोघे एकमेकांचा जोर मारतात आणि चरबी जागेवरच राहते. आणि व्हिनेगर आपल्या घरात असते कुठे?

आमचा खरा राग ॲसिडवर आहे. वीस-तीस रुपयांची बाटली, तीही कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून, वर नाव नाही, आणि मोरीखाली ठेवलेली, जिथे रांगणारे मूल पहिले पोचते. ॲसिडने थिजलेली चरबी निघत नाही. सिमेंटचे सांधे खातात, आणि सडलेल्या मळावर पडले की तोच अंड्याच्या वासाचा वायू आणखी सुटतो. त्यावर कुणी ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू होतो. बारक्या खोलीत खिडकी नसताना तो छातीत गेला की माणूस खोकून बेजार होतो, दम्याच्या पेशंटचा जीवही जाऊ शकतो. तुंबलेली लाइन उघडायची कॉस्टिकची पावडरही तशीच जपण्यासारखी. पाण्यात ती तापते, उसळते, आणि डोळ्यात उडाली तर नजर जाऊ शकते. अंगावर किंवा डोळ्यात काही उडालेच तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटे धुवा, मग दवाखाना. हळद नाही, दूध नाही, टूथपेस्ट नाही. मुलाने घोट घेतला तर उलटी करवू नका, वर येताना ते पुन्हा घसा जाळते. बाटली सोबत घेऊन सरळ हॉस्पिटल गाठा.

वास स्वतः कावीळ किंवा टायफॉइड देत नाही, हेही सांगायला हवे. भीती वेगळी आहे. आपल्या गल्लीत पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन उघड्या गटारातून जाते. पाणी येते तास-दोन तास, बाकी वेळ पाइप रिकामा. रिकाम्या पाइपाला जिथे गळती असते तिथून गटाराचे पाणी आत ओढले जाते आणि पुढच्या वेळी पहिल्या हंड्यात तेच येते. म्हणून सुरुवातीचे पाणी पिण्यासाठी भरू नका आणि पिण्याचे उकळून घ्या. ज्या घरी मोरी तुंबते, त्याच घरी कावीळ निघते, तेव्हा लोक पुन्हा बाईच्या स्वच्छतेकडे बोट दाखवतात. गटाराचा गाळ काढणे आणि पाइप गटारातून बाहेर घेणे हे नगरपालिकेचे काम आहे. ते पालिकेकडूनच करून घ्यायचे.

इथे एक गोष्ट आपल्याच लोकांना सुनावावी लागते. चेंबर तुंबले की वस्तीत वर्गणी निघते आणि कुणातरी पोराला बोलावले जाते. पाचशे रुपये आणि आधी एक क्वार्टर. तो पोरगा कुठल्या घरातला असतो, हे आपण सांगायला नको. मोरीत नाकाला झोंबणारा हाच वायू खाली चेंबरमध्ये दाटलेला असतो. तो जास्त झाला की नाकाला कळेनासा होतो. वास गेला असे वाटते आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेची साधने न देता माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काम सांगणारा चाळीचा पुढारी असला तरी कायदा तोच. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपये भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. इतकी वर्षे न्यायालयाला ही रक्कम ठरवत बसावे लागते, यातच सगळे आले.

तेव्हा वर्गणी काढू नका, सह्या काढा. रविवारी विहारात वंदना झाली की बायका जमलेल्या असतातच. वॉर्ड ऑफिसच्या नावे अर्ज लिहा, गल्लीचे नाव, चेंबरची जागा, तुंबल्याची तारीख टाका आणि एका प्रतीवर पोचचा शिक्का घ्या. मुंबईत १९१६ वर फोन करून तक्रार क्रमांकही लिहून ठेवा. गाडी गल्लीत येत नाही असे उत्तर मिळेल. लहान गाड्या असतात, त्या मागा. आणि काम झालेच नाही, तर माहितीच्या अधिकारात विचारा: वर्षभरात आमचे गटार कोणत्या तारखांना साफ झाले, कंत्राट कुणाचे, बिल किती निघाले. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालचा दाखला असेल तर ते दहा रुपयेही लागत नाहीत.