अनुभव आमचा, पटकथा त्यांची : हे किती दिवस चालणार?

साथींनो, सुरुवातीलाच एक कबुली देतो. सवर्ण लेखकांवर ज्या चुकीबद्दल आम्ही वर्षानुवर्षे टीका करत आलो, तीच चूक या उन्हाळ्यात डिंभ्याला आमच्या हातून झाली.

आंबेगाव-जुन्नर भागातले आम्ही काही कार्यकर्ते आणि पंधरा-वीस तरुण एक लघुपट लिहायला बसलो होतो. विषय डिंभे धरण. घोड नदीवर धरण झाले आणि ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे ते आंबेगावच पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या अनेक वाड्या उठल्या. कोणी खाली सरकले, कोणी डोंगराला धरून वर चढले. कालव्याचे पाणी मात्र दूर गेले.

आम्ही दोन दिवसांत कथा तयार केली. शहरात शिकलेला, गळ्यात निळा रुमाल घातलेला कार्यकर्ता वाडीवर येतो. लोक दबलेले, घाबरलेले. तो सभेत संविधानावर सात मिनिटे बोलतो. लोक उठतात. मोर्चा निघतो. शेवटी बाबासाहेबांचा फोटो आणि गाणे.

वाडीतल्या एका आजींना आम्ही मोठ्या उत्साहाने हे वाचून दाखवले. त्यांनी सगळे ऐकले आणि एवढेच विचारले, "बाबांनो, यात समदं तुमीच बोलताय. आमी काय करतोय?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आमच्या पटकथेत आजी काहीच करत नव्हत्या. ऐकत होत्या, रडत होत्या आणि शेवटी टाळ्या वाजवत होत्या.

जात संवादात नसते, रचनेत असते

पडद्यावर आपला माणूस दिसला की आपण खूश होतो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर दिसली की थिएटरात शिट्ट्या पडतात. त्या आनंदाला आमचा विरोध नाही, पण पटकथेतली जात तिथे ठरत नाही. ती ठरते तीन प्रश्नांवर. या गोष्टीत कोणाला काहीतरी हवे आहे? निर्णय कोण घेतो? शेवटी बदलतो कोण? कोणताही चित्रपट या तीन प्रश्नांवर घासून पाहा, लेखणी कोणाच्या बाजूची आहे ते लगेच कळते.

१९३६ साल घ्या. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे भाषण पेलवेना म्हणून परिषदच रद्द केली आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापून काढले. तेच 'जातिनिर्मूलन'. त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. त्यातली कस्तुरी दोन पुरुषांचे भांडण थांबवायला धावते आणि रेल्वेखाली मरते. एकीकडे अस्पृश्य समाजाचा नेता धर्मशास्त्रांनाच आव्हान देत होता आणि दुसरीकडे पडद्यावरची अस्पृश्य मुलगी मरून सर्वांची सहानुभूती मिळवत होती.

१९५६ ला धर्मांतर झाले. तीन वर्षांनी, १९५९ ला, बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. त्यातल्या मुलीला ब्राह्मण कुटुंबात 'आपली' ठरण्यासाठी रक्त द्यावे लागते. लाखो लोकांनी 'तुमचा धर्मच नको' म्हणून सांगितले होते, पण पटकथेला त्याचा पत्ता नव्हता. ती अजून उंबरठ्यावर उभे राहून प्रवेशाचा अर्ज लिहीत होती.

२०१९ चा 'आर्टिकल १५' घ्या. हेतू चांगला, अभ्यासही बरा. पण शोध घेतो कोण? बदलतो कोण? ब्राह्मण आयपीएस अधिकारी. मुली आमच्या मेल्या आणि शिक्षण त्याचे झाले. २०२१ च्या तमिळ 'जय भीम'मध्येही कॅमेरा बराच वेळ वकिलामागे धावतो. तरी तिथे एक फरक आहे. सेंगेनीला पैसे घेऊन तडजोड करायला सांगितले जाते आणि ती नाही म्हणते. तो निर्णय तिचा आहे. त्या एका 'नाही'मुळे ती बिचारी राहत नाही.

वग आमचाच होता

प्रा. गोपाळ गुरू यांनी २००२ साली समाजशास्त्रांच्या विद्यापीठीय जगाबद्दल एक बोचरी मांडणी केली होती. सिद्धान्त मांडणारे वरच्या जातींचे आणि अनुभवाचा कच्चा माल पुरवणारे खालच्या जातींचे, अशी तिथली विभागणी. चित्रपटातही हेच झाले. अनुभव आमचा, पटकथा त्यांची.

आपल्या लोकांना गोष्ट रचता येत नव्हती म्हणून असे झाले, हे साफ खोटे आहे. पुरावा शेजारीच आहे. जुन्नर तालुक्यातले नारायणगाव ही तमाशाची पंढरी. तिथल्या फडांमध्ये गण, गौळण, बतावणी झाली की वग सुरू होतो. वग म्हणजे काय? प्रवेश आहेत, पेच आहे, राजा-प्रधान आहेत आणि त्या राजाला भर सभेत उघडा पाडणारा सोंगाड्या आहे. रात्रभर हजारो माणसे जागेवर बसवून ठेवण्याचे हे शास्त्र मांग-महारांच्या फडांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासले. मराठी सिनेमाने तमाशातून लावणी उचलली, नाचणारी बाई उचलली. वग रचणाऱ्या माणसाला मात्र सोबत नेले नाही. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, तरी शेवटची वर्षे हलाखीतच गेली. २००२ साली त्या गेल्या.

अण्णाभाऊ साठे यांचेही तेच. 'वैजयंता', 'फकिरा' अशा त्यांच्या अनेक कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. तरी १८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले ते दारिद्र्यातच. गोष्ट अण्णाभाऊंची, गल्ला दुसऱ्याचा. आज समाजमाध्यमांवर जयंतीची पोस्ट टाकणाऱ्या प्रत्येक तरुणाने याचा अर्थ समजून घ्यावा. लेखणी असून भागत नाही, तिच्या हक्काचा कागदही खिशात लागतो.

ज्यांनी लिहिले त्यांच्याकडून शिकू

आमची सात मिनिटांच्या भाषणाची पटकथा फसल्यावर आम्ही पुस्तके बाजूला ठेवली आणि तीन चित्रपट थांबवत-थांबवत पाहिले. तरुणांना वहीत एकेक प्रसंग उतरवून काढायला लावले. ही सवय सर्वांनी लावून घ्यावी. पटकथा वाचूनच शिकता येते असे नाही, पडद्यावरून ती परत कागदावर उतरवूनही शिकता येते.

पहिला, नागराज मंजुळे यांचा 'फँड्री'. मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातले. 'फँड्री'तल्या जब्याला काय हवे आहे? समता? न्याय? नाही. त्याला काळी चिमणी हवी आहे, कारण तिची राख टाकली की शालू आपली होईल असे त्याला वाटते. एवढीशी, हातात धरता येईल अशी इच्छा आहे. त्या इच्छेच्या वाटेत जात आडवी येते आणि मग जात काय असते हे वेगळे सांगावे लागत नाही. डुक्कर हाताशी आलेले असते, शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते, जब्या उभा राहतो. पुढे बाबासाहेब आणि महात्मा फुल्यांची चित्रे असलेल्या भिंतीसमोरून डुक्कर वाहून नेले जाते. दोन्ही ठिकाणी कोणी भाषण करत नाही. आम्ही तिथे नक्की भाषण घातले असते!

दुसरा, चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. ताम्हाणे काही चळवळीतून आलेले लेखक नाहीत, पण ते खालच्या कोर्टांत जाऊन बसले, त्यांनी पाहिले, ऐकले. त्यात गटारात मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते. नवरा आत उतरण्याआधी खडा टाकायचा, झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे समजायचा. या एका तपशिलात महापालिका, ठेकेदार, जात, सगळे आले. 'शोषण' हा शब्द शंभर वेळा लिहूनही जे होत नाही ते एका झुरळाने झाले. आणि शाहीर नारायण कांबळेंच्या विरोधात उभी असलेली सरकारी वकील? कॅमेरा तिच्या घरी जातो. ती मूल घेऊन येते, स्वयंपाक करते. ती राक्षस नाही, आणि भीती त्याचीच वाटते. साधी, संसारी माणसे हा अन्याय रोजच्या कामासारखा उरकतात.

तिसरा, मारी सेल्वराज यांचा तमिळ 'परियेरुम पेरुमाळ'. कायदा शिकायला आलेला तरुण, मार खाल्लेला, अपमान गिळलेला. शेवटी मुलीच्या बापासमोर तो हात उगारत नाही आणि गळ्यातही पडत नाही. तुम्ही बदलल्याशिवाय काही बदलणार नाही, हे शांतपणे सांगतो. शेवटी पडद्यावर चहाचे दोन पेले आणि मध्ये एक फूल उरते. प्रेक्षकाला सोपी सुटका दिलेली नाही.

दोन्हीकडच्या आक्षेपांना उत्तर

प्रस्थापित म्हणतात, कलेत प्रचार नको, गोष्ट वैश्विक हवी. वैश्विक म्हणजे काय ते 'सैराट'चा 'धडक' करताना दिसले. जात नावापुरती उरली, राजवाडे वाढले. ज्याच्या जातीला नाव घ्यावे लागत नाही त्याची गोष्ट 'वैश्विक', आणि आमची ती 'दलित विषयावरची'. हे आम्हाला मान्य नाही.

पण आपल्यातलेही काही जण म्हणतात, संदेश थेट गेला पाहिजे, कलाकुसर हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. साथींनो, हेही मान्य नाही. बाबासाहेबांनी जलशाचे मोल आपल्या सभांपेक्षा मोठे मानले, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. का मानले? भीमराव कर्डकांचा जलसा म्हणजे टाळ वाजवून केलेले भाषण नव्हते. त्यात हशा होता, नक्कल होती, सवाल-जवाब होते. माणूस हसता-हसता अस्वस्थ व्हायचा. ती मेहनत टाळून नुसत्या घोषणा पडद्यावर टाकणे म्हणजे जलशाचा वारसा सोडून देणे होय. असे लघुपट आपणच बनवतो, आपणच पाहतो आणि आपणच लाईक करतो.

डिंभ्याची पटकथा पुन्हा

मग आम्ही आजींकडे परत गेलो. या वेळी वाचून दाखवायला नाही, ऐकायला. त्यांनी सांगितले, पाणी चढले तेव्हा घराची चौकट डोक्यावरून वर आणली, पण जाते राहिले. दर उन्हाळ्यात पाणी आटले, गाळपेरीची जमीन उघडी पडली, जुन्या गावाच्या खुणा वर आल्या की त्या खाली पाहून येतात.

जब्याची काळी चिमणी तशी ही आजींची गोष्ट होती. त्यांना जाते हवे आहे. वाटेत पाणी आहे, वय आहे, 'तिथं आता तुमचं काय आहे?' म्हणणारे आहेत. धरणग्रस्त आदिवासींनी याच जलाशयात मासेमारीची सहकारी संस्था उभी केली, म्हणजे होडी आहे, ती वल्हवणारा वाडीतलाच पोरगा आहे. बाहेरच्या तारणहाराची गरजच उरली नाही. पटकथेतून कार्यकर्ता निघाला आणि गोष्ट चालू लागली.

लेखणीही आमच्याकडून गेली. आता ती घोडेगावला अकरावीत शिकणाऱ्या, आजींच्याच नातीकडे आहे. सोपे नव्हते ते. आमच्यातला एक जुना साथी चिडला. "मग यात बाबासाहेब कुठे आहेत?" असे त्याने विचारले. प्रश्न खोटा नाही. नावाशिवाय विचार पुसला जातो, हे आपण भोगले आहे. आमचे उत्तर असे : ज्या घरात कोणी लिहीत नव्हते त्या घरातली मुलगी आपल्या आजीची गोष्ट स्वतः लिहिते आहे. बाबासाहेब तिथे आहेत. आदिवासींच्या वतीने आपण बोलत राहिलो तर आपल्या वतीने बोलणाऱ्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

तिने एक प्रसंग असा लिहिला आहे की त्यावर आम्ही अजून भांडतो आहोत. डिंभ्याचे पाणी कालव्याने येडगावला, आणि तिथून कुकडीच्या कालव्याने पार करमाळ्यापर्यंत जाते. मंजुळेंच्याच तालुक्यात. तिच्या पटकथेत तिकडचा एक कोरडवाहू शेतकरी आहे, पाण्याची वाट पाहणारा. तो खलनायक नाही. पाणी कोणाचे, हा प्रश्न तिने सोपा केलेला नाही. 'कोर्ट' तिला आमच्याआधी कळला म्हणायचा.

याच खोऱ्यात माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या पहाटे डोंगर आला आणि दीडशेच्या वर माणसे गेली. नंतर सगळ्या देशाचे कॅमेरे आले, मंत्री आले. पण गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला कळले ते एसटीच्या चालकामुळे, कारण नेहमीच्या रस्त्याला नेहमीचे गाव नव्हते. त्या दिवशीची गोष्ट हेलिकॉप्टरमधून सुरू करायची की एसटीच्या काचेतून, की आदल्या रात्री एखाद्या चुलीपाशी? हा तंत्राचा प्रश्न वाटतो, पण तो राजकारणाचाच आहे.

काय करायचे

महिन्यातून एकदा बसा. एक चित्रपट, एक प्रसंग, वही-पेन. प्रसंगाच्या डोक्यावर आत की बाहेर, जागा कोणती, दिवस की रात्र हे लिहा. पुढे जे दिसते आणि ऐकू येते तेवढेच लिहा. 'तिला अन्यायाची जाणीव होते' हे दिसत नाही, ते खोडा. तिचा हात काय करतो ते लिहा. आपल्या बाजूच्या माणसालाही चूक करू द्या. ज्याची गोष्ट आहे त्याला आधी वाचून दाखवा.

आणि कागद सांभाळा. मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, तिथे सदस्य होऊन पटकथेची नोंदणी करता येते. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने लेखकाला रॉयल्टीचा हक्क दिला आहे. करार न वाचता सही करू नका. अण्णाभाऊंच्या वेळी रॉयल्टीचा हा हक्क नव्हता, आज आहे. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे, राखीव जागा आहेत. अर्ज भरा. 'तिथे आपले कोण आहे?' असे विचारून घरी बसू नका.

लघुपट अजून झालेला नाही. कॅमेरा भाड्याचा आहे आणि पाणी आटेपर्यंत थांबायचे आहे. पण पटकथा बावीस पानांची झाली आहे आणि पहिल्या पानावर लेखिकेचे नाव आहे.

जय भीम.