नवे दात पिवळे का?

सारोळ्याच्या एका तिसरीतल्या मैत्रिणीला मोठाच प्रश्न पडलाय. पुढचे नवे दात शेजारच्या दुधाच्या दातांपेक्षा पिवळे दिसतात! आजी म्हणते राखुंडीने घास. दादा म्हणतो, पुण्याला जाऊन दात पांढरे करून घे.

दाताचं वरचं कवच म्हणजे एनॅमल. शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, जवळजवळ ९६ टक्के खनिज. त्याच्या खालचं डेंटिन मुळातच पिवळसर. कायमच्या दातांचं एनॅमल जास्त पारदर्शक, म्हणून आतला रंग दिसतो. तो मळ नव्हेच! राखेने खसाखसा घासलं की एनॅमल झिजतं, पुन्हा येत नाही आणि दात आणखीच पिवळा दिसतो. (आजीला हे जरा जपून सांगा हं!)

दंतवैद्य खरवडत नाहीत. ते पेरॉक्साइडचं जेल लावतात. ते एनॅमलमधून आत झिरपून रंगाचे रेणू मोडतं. पण ते नसेपर्यंतही पोचतं, त्यामुळे काही दिवस गार पाणी लागलं की दात ठणकतात. फार तीव्र जेल वापरलं किंवा सारखं लावलं, तर एनॅमल खडबडीत होऊ शकतं.

तुमच्या नव्या दातांत नसेचा गाभा मोठा असतो, मुळंही अजून पुरती झालेली नसतात. म्हणून दादाचा सल्लाही तूर्त नको. युरोपीय संघाने तर २०११ मध्ये नियमच केला, की ०.१ टक्क्याहून जास्त पेरॉक्साइड असलेलं जेल १८ वर्षांखालच्यांना लावायचं नाही.

मात्र पडल्या-आपटल्यानंतर एखादाच दात काळपट झाला, तर आईबाबांना लगेच सांगा आणि दंतवैद्यांना दाखवा.