‘अक्का, आता नवाच घ्या!’

गेल्या दिवाळीपासून आमच्या बेळगावात ज्या घरात सात-आठ वर्षांचा कॉम्प्युटर आहे, त्या घरात हे वाक्य एकदा तरी येऊन गेलंय. कधी दुकानदाराच्या तोंडून, कधी पुण्याहून फोनवर बोलणाऱ्या मुलाच्या तोंडून. ‘अक्का, ह्याचं आयुष्य संपलं. आता नवाच घ्या.’ आणि त्याच घरात, पेपरातून डोकं वर न काढता, दुसरं वाक्य उच्चारलं जातं, ‘चालतंय न्हवं? मग चालू दे की!’

माझं भांडण या दोन्ही वाक्यांशी आहे. पहिल्या वाक्यानं आपला पैसा जातो, दुसऱ्यानं आपली सुरक्षितता. आणि ही दोन्ही वाक्यं बोलणारे त्या कॉम्प्युटरसमोर बसतात तरी किती वेळ? विजेचं बिल, बँकेचं काम, बचत गटाचा हिशेब, महिला मंडळाची पत्रिका, नातवंडांचे फोटो, हे सगळं करणारी बाई बाजूला उभी असते. तिला मात्र कुणी विचारत नाही.

आधी नेमकं झालंय काय ते समजून घेऊया. विंडोज १० ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, दिवाळीच्या आठवडाभर आधी, मायक्रोसॉफ्टनं तिला द्यायची नेहमीची मदत थांबवली. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला असं मुळीच नाही. तो पंधरा तारखेलाही सुरू झाला आणि आजही सुरू होतो. थांबली ती दर महिन्याला येणारी सुरक्षेची डागडुजी. चोरांना घराची एखादी नवी फट सापडली, तर ती बुजवायला आता गवंडी येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण ‘एवढाच’ म्हणून सोडून देण्यासारखाही तो नाही.

विंडोज ११ फुकट मिळतं, पण सगळ्यांना नाही. त्यासाठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, ‘सिक्युअर बूट’ची सोय, ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षेची व्यवस्था आणि, इंटेलचा प्रोसेसर असेल तर, साधारण आठव्या पिढीपासून पुढचा असावा लागतो. आय३-८१०० असेल तर आत, आय३-७१०० असेल तर बाहेर! म्हणजे २०१८ साली नवा कोरा म्हणून घरी आणलेला सातव्या पिढीचा कॉम्प्युटर, ज्याचं एक बटणसुद्धा सैल झालेलं नाही, तो या हिशेबानं म्हातारा ठरला.

इथं माझा पहिला राग कंपनीवर आहे. २०१५ साली त्यांच्याच एका कर्मचाऱ्यानं जाहीर सभेत सांगितलं होतं, की विंडोज १० ही शेवटची आवृत्ती. २०२१ साली अकरावी आली आणि सोबत या अटीही. टीपीएममुळे कुलपांच्या किल्ल्या जास्त सुरक्षित राहतात, हे खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण वाड्याला चांगलं कुलूप हवं म्हणून कुणी वाडाच पाडायला सांगत नाही. ज्यांच्याकडे नवं कुलूप बसतच नाही, त्यांच्या जुन्या कुलपाला तेल घालत राहणं ही विकणाऱ्याचीच जबाबदारी आहे. आणि ते अशक्य आहे असंही नाही. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीनं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा सुरक्षा जाहीर केलीच आहे. तीस डॉलर भरा, नाहीतर त्यांचे हजार रिवॉर्ड पॉइंट द्या, नाहीतर आपल्या कॉम्प्युटरच्या सेटिंग त्यांच्या खात्यात साठवा म्हणजे फुकट. जे पैसे घेऊन करता येतं आणि फुकटही करता येतं, ते आणखी काही वर्षं का करता येऊ नये?

दुसरा राग दुकानातल्या अर्धवट ज्ञानावर. ही फुकटची वाट मला एकाही दुकानदारानं आपणहून सांगितली नाही. ‘लई स्लो चालतोय’ म्हटलं की ‘नवा घ्या’ हे उत्तर तयार. अहो, हळू चालणं हा वेगळा आजार आणि मदत थांबणं हा वेगळा. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम थोडी वाढवली, तर पुष्कळ जुने कॉम्प्युटर पुन्हा धावायला लागतात, आणि त्याला नव्या कॉम्प्युटरच्या तुलनेत थोडकाच खर्च येतो. दुसरी गोष्ट, कित्येक कॉम्प्युटरमध्ये टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये ते बंद ठेवलेलं असतं. ते चालू केलं की ‘अपात्र’ म्हणून हिणवलेला कॉम्प्युटर पात्र ठरतो. आणि तिसरी, अट न पाळणाऱ्या कॉम्प्युटरवर कुणी युक्तीनं विंडोज ११ बसवून देतो म्हणाला, तर पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही, हे आधी ऐकून ठेवा.

आता ‘चालतंय न्हवं’वाल्यांकडे वळते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या हल्ल्यानं १५० देशांतले कॉम्प्युटर कुलूपबंद केले आणि फायली परत हव्यात तर खंडणी भरा म्हणून सांगितलं. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढं ढकलाव्या लागल्या. ज्या फटीतून हा चोर शिरला, तिची दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच, आली होती. ज्यांनी ती लावली नाही त्यांना फटका बसला. त्यांचेही कॉम्प्युटर आदल्या दिवसापर्यंत ‘चालत’च होते! ज्या कॉम्प्युटरवरून आपण बँकेचा पासवर्ड टाकतो, बचत गटातल्या वीस बायकांच्या पैशांचा हिशेब ठेवतो, तो नुसता चालून भागत नाही.

आमच्या समाजात या आळसाला एक देखणं नावही मिळतं. ‘आहे त्यात भागवावं, आपल्यात अपरिग्रह सांगितलाय.’ ऐकायला छान वाटतं. पण हे म्हणणाऱ्यांच्या दारात दर चार वर्षांनी नवी गाडी येते, तेव्हा हा अपरिग्रह कुठं जातो? गरजेपेक्षा जास्त न साठवणं हा अपरिग्रह, आणि दुसऱ्यानं विश्वासानं सोपवलेलं निष्काळजीपणे उघडं टाकणं हा प्रमाद. दोन्हींत घोळ करू नये. खरा अपरिग्रह मला तिसरीकडे दिसतो. चांगला चालणारा कॉम्प्युटर भंगारात गेला की तो नाहीसा होत नाही. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या ठिकाणी त्याचे तुकडे होतात, तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, आणि तो धूर कुणाच्या तरी लेकरांच्या छातीत जातो. पाणी गाळून पिणाऱ्या घरानं आपला कचरा कुणाच्या श्वासात जातो याचाही विचार केला पाहिजे. टाकायची वेळ आलीच तर तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जावा. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशात लागू आहेत, ते शोभेसाठी नाहीत.

मग करायचं काय? माझं मत अगदी रोखठोक आहे. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि मग ‘अबाउट’ उघडून आपला प्रोसेसर स्वतः बघा. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ फुकट आहे, ते चालवा. पात्र असेल तर आधी फोटो, हिशेब, सगळी कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या आणि विंडोज ११ घ्या. जुनं वळण मोडल्याचं दुःख पंधरा दिवसांत सरतं. पात्र नसेल तर जादा सुरक्षेची नोंदणी करा आणि त्या मुदतीत शांतपणे पुढचं ठरवा. नुसतं वाचणं, लिहिणं, व्हिडिओ बघणं, मेल करणं एवढंच काम असेल, तर लिनक्स मिंट किंवा उबंटू फुकट मिळतं आणि जुन्या कॉम्प्युटरवर छान चालतं. मराठी युनिकोडमध्ये लिहिणाऱ्यांना तिथं अडचण नाही. मात्र मंडळाच्या जुन्या पत्रिका श्री-लिपीत असतील किंवा घरात टॅलीवर हिशेब असेल, तर ती सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेली आहेत, हे आधी तपासा. कशानंच भागत नसेल तेव्हाच नवा घ्या, आणि तो घेताना मान खाली घालायचं कारण नाही.

‘तुला काय कळतंय त्यातलं?’ असं कुणी विचारेल. विचारू दे. मिक्सरचं भांडं कधी बदलायचं, गॅसची नळी किती वर्षांनी बदलायची, हे ठरवायला आपण कुणाची परवानगी मागितली? गॅसची नळी वरून चांगली दिसली तरी मुदत संपली की आपण बदलतो, आणि एक नळी बदलायची म्हणून अख्खी शेगडी फेकून देत नाही. कॉम्प्युटरसाठी याहून वेगळी अक्कल लागत नाही. जिच्या हाताखाली तो चालतो, तिनंच त्याची तपासणी करावी, तिनंच पर्याय मांडावेत, आणि शेवटचा शब्दही तिचाच असावा. पुढच्या वेळी कुणी ‘अक्का, नवाच घ्या’ म्हणाला, तर त्याला आधी एवढंच विचारा, ‘ह्याचा प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे, सांग बघू?’