एका वाड्यांत दोन बिऱ्हाडें

एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, ही म्हण आम्हीं तीस-बत्तीस वर्षें वर्गांत मुलांस समजावून सांगितली. परंतु गेल्या दिवाळीपासून आमच्याच टेबलावरील संगणकांत दोन तलवारी सुखानें नांदत आहेत. हा प्रकार कसा घडला, तें सांगण्यासाठीं या महिन्यांत नेहमींचा विषय बाजूस ठेवीत आहों.

संगणक हें नुसतें शरीर. त्यास चालविणारी जी कार्यप्रणाली, ती त्याचा प्राण. आमच्या संगणकांत विंडोज १० ही प्रणाली होती. तिची नेहमींची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली. दुरुस्ती थांबलेली प्रणाली म्हणजे कड्याकोयंडे खिळखिळे झालेलें घर. त्यांत राहतां येतें, परंतु चोराची भीति दिवसेंदिवस वाढत जाते. वर्षभराच्या मुदतवाढीची सोय होती खरी. पण मुदतवाढीनें कर्ज फिटत नाहीं. २०२१ सालीं निघालेल्या विंडोज ११ या प्रणालीस यंत्रांत टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय असावी लागते. आमच्या जुन्या यंत्रांत ती नाहीं. दुकानदारानें सांगितलें, "मास्तर, हें आतां भंगारांत द्या."

तो सल्ला आम्हांस मानवला नाहीं, आणि त्याचें कारण केवळ पैशाचें नव्हतें. आमचे तीर्थरूप व्याकरणाचे अध्यापक होते. त्यांच्या पाठांचीं टिपणें अकरा वह्यांत होतीं. त्यांच्या पश्चात् आम्हीं सात वर्षें खपून तीं संगणकावर उतरविलीं. पुढें मूळ वह्या वाळवीनें खाल्ल्या. आतां जें आहे तें या यंत्रांतच. तें लिहिलें आहे जुन्या धर्तीच्या टंकांत, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी अक्षरांचीं चित्रें बसवून. तो टंक नसला कीं सगळा संधिप्रकरणाचा पाठ निरर्थक चिन्हांची रांगोळी होऊन बसतो. आणि तो लिहिण्याचा जुना कार्यक्रम आमच्या विंडोजवरच चालतो. इकडे पेढीचे व्यवहार आणि परगांवच्या मुलीशीं पत्रव्यवहार यांस मात्र दुरुस्ती चालूं असलेली प्रणाली हवी. जुनें सोडवेना, नव्यावांचून चालेना, अशी आमची स्थिति झाली.

पुतण्या म्हणाला, "काका, अहो, दोन्ही ठेवा कीं! आपल्या जुन्या वाड्यांत नव्हतीं का दोन बिऱ्हाडें?"

दुसरें बिऱ्हाड म्हणून त्यानें लिनक्स सुचविलें. हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा गाभा लिहावयास घेतला, आणि पुढें जगभरच्या जाणत्यांनीं तो वाढविला. तिचे अनेक शाखाभेद आहेत. नवशिक्यास सोपा म्हणून आम्हीं लिनक्स मिंट हा भेद घेतला. त्यास मोल पडत नाहीं. देवनागरीस जगाच्या सर्व लिप्यांबरोबर स्थान देणारी युनिकोड पद्धति प्रथम प्रसिद्ध झाली तीही १९९१ सालींच, हा योगायोग आम्हांस गोड वाटला.

आतां कृति सांगण्यापूर्वीं एक दुःखद गोष्ट सांगणें अवश्य आहे. आमचे एक स्नेही असेंच दुसरें बिऱ्हाड आणावयास बसले. यंत्रानें विचारलें कीं, नवी प्रणाली जुनीच्या शेजारीं बसवूं, कीं सर्व पुसून बसवूं? त्यांनीं घाईनें दुसऱ्या उत्तरावर बोट ठेविलें. त्यांच्या दिवंगत पत्नीनें जात्यावरच्या ओव्या म्हणून ठेविल्या होत्या. त्या त्या यंत्रांतच होत्या, अन्यत्र नव्हत्या. त्या गेल्या. आम्ही भेटावयास गेलों, तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "यंत्रानें विचारलें होतें हो. होय म्हणणारा मीच."

म्हणून पहिली पायरी ही कीं, जें गेल्यास पुन्हां मिळणार नाहीं, त्याची प्रत निराळ्या तबकडीवर काढावी, आणि ती तबकडी यंत्रापासून सोडवून कपाटांत ठेवावी. प्रत उघडते कीं नाहीं, हेंही पाहावें. न तपासलेली प्रत ही न वाचलेल्या पोथीसारखी. तिच्यांत किती पानें आहेत, हें अडचणीच्या वेळींच कळतें. विंडोजची तबकडी बिटलॉकरनें कुलूपबंद असेल, तर तिची अठ्ठेचाळीस अंकी किल्ली आधीं कागदावर उतरून घ्यावी.

दुसरी पायरी वाटणीची. ज्या घरीं जुनें बिऱ्हाड राहतें, त्यासच आपली जागा आवरावयास सांगावें. विंडोजच्या तबकडी-व्यवस्थापनांत जागा आक्रसण्याची सोय आहे. तिनें आम्हीं ५०० जीबींतून १०० जीबी मोकळी केली. मोकळी जागा मोकळीच ठेवावी. शिवाय विंडोजची 'फास्ट स्टार्टअप' ही सोय बंद करावी. कारण ती चालूं असतां विंडोज पुरती न निजतां अर्धवट डोळे मिटून पडते, आणि तशा स्थितींत तिच्या सामानास शेजाऱ्यानें हात लावल्यास नासधूस होण्याचा संभव असतो.

तिसरी पायरी: लिनक्सची मूळ प्रत आठ जीबींच्या पेनड्राइव्हवर विधिपूर्वक उतरवून यंत्र तीवरून सुरू करावें. येथें मोठी सोय अशी कीं, तबकडीस स्पर्श न करतां ती प्रणाली वापरून पाहतां येते. ध्वनि, छापयंत्र, आंतरजाल हीं चालतात असें आम्हीं दोन दिवस पाहिलें, आणि मगच 'शेजारीं बसवा' हें उत्तर दिलें. पेनड्राइव्ह सुरू करतांना विंडोज ज्या पद्धतीनें बसविली आहे तीच पद्धति हवी: ती युईएफआय असेल तर लिनक्सही युईएफआयमध्येंच बसवावी. दोन्ही प्रणाली नव्यानें बसवावयाच्या असल्यास आधीं विंडोज व मागून लिनक्स हा क्रम सोयीचा. कारण लिनक्सचा 'ग्रब' नांवाचा द्वारपाल दुसऱ्या बिऱ्हाडास ओळखतो, विंडोजचा तसा ओळखीत नाहीं. आतां यंत्र सुरू होतांच ग्रब कांहीं क्षण थांबून विचारतो, "कोणाकडे जाणार?"

दोन बिऱ्हाडें म्हणजे कुरबुर आलीच. दुसरे दिवशीं विंडोजमधील घड्याळ साडेपांच तास मागें! पुतण्या हंसला. लिनक्स भिंतीवरचें मूळ घड्याळ जागतिक वेळेवर ठेविते, विंडोज तेंच घड्याळ स्थानिक समजते. भारतीय वेळेंतील अंतर नेमकें साडेपांच तासांचें. घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव, अशी आज्ञा लिनक्सला एकदां देतांच तंटा मिटला. आणखी एक मौज अशी कीं, लिनक्स विंडोजचें कपाट उघडूं शकते, पण विंडोज आपण होऊन लिनक्सच्या कपाटांत डोकावत नाहीं. सोंवळें कोणाचें कडक, हें वाचकांनींच ठरवावें.

सध्यां आमची व्यवस्था अशी आहे. पेढी, पत्रें व वाचन लिनक्सवर. विंडोजचें आंतरजाल तोडून टाकिलें आहे. ती आजीबाईसारखी माजघरांत बसून फक्त जुनीं टिपणें दाखविते. रोज सायंकाळीं एक पान आम्ही युनिकोडांत उतरवितों. रूपांतर यंत्र करतें, पण जोडाक्षरांत चुकतें, म्हणून प्रत्येक ओळ वाचावी लागते. त्या वाचनांत तीर्थरूपांनीं लावलेला एखादा अर्थ, जो आम्हीं उतरवितांना यांत्रिकपणें उतरविला होता, तो आज या वयांत उमगतो. तीन वह्या झाल्या, आठ राहिल्या. शेवटचें पान होईल, त्या दिवशीं जुन्या बिऱ्हाडाचा सन्मानानें निरोप घेऊं.

तोंवर वाचकांस एकच विनंति. तुमच्या घरच्या यंत्रांत कोणाचा आवाज, कोणाचें हस्ताक्षर, कोणाचें टिपण एकटेंच पडून असेल, तर हा अंक मिटल्यावर आधीं त्याची दुसरी प्रत करावी. दोन प्रणाली असोत वा एक, हें काम आजच करण्यासारखें आहे.