पुण्यानुमोदनाच्या आधी भेटू या

कळव्यात भास्करनगर असो की वाघोबानगर, पारसिकच्या डोंगरउतारावर घराला घर लागून आहे. कुणी गेले की अख्खी वस्ती जमते. पुण्यानुमोदनाला खुर्च्या कमी पडतात. पण तोच माणूस अंथरुणाला खिळला होता, नोकरी सुटून घरी बसला होता, तेव्हा त्याच्या दारात आपण किती जण गेलो? हा प्रश्न आम्ही आधी स्वतःलाच विचारतो.

हा प्रश्न आरोग्याचाही आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचा १९३८ साली सुरू झालेला एक अभ्यास आजही चालू आहे. त्यात हार्वर्डमध्ये शिकणारी मुले होती, तशीच बोस्टनच्या गरीब वस्त्यांतलीही होती. पन्नाशीत जे आपल्या नात्यांत समाधानी होते, तेच ऐंशीत जास्त निरोगी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहांपैकी एक माणूस एकाकी आहे. एकट्या माणसाची झोप उडते, रक्तदाब वाढतो, औषध घेतले का हे विचारणारेही कुणी नसते.

आपल्याला हे नवीन नाही. कल्याणमित्रता म्हणजे निम्मे धम्मजीवन, असे भन्ते आनंद म्हणाले, तेव्हा तथागतांनी दुरुस्ती केली: निम्मे नव्हे, संपूर्ण. बाबासाहेबांनी १९४० साली ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ माता रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला. पाठीशी मित्र नव्हते त्या हलाखीच्या दिवसांत रमाईंनी दिलेली साथ त्यांनी तिथे आवर्जून नोंदवली.

मात्र एका छताखाली राहिले म्हणजे आधार मिळतोच असे नाही. जिथे दारू आणि मारहाण आहे, तिथल्या ताईला “सांभाळून घे” म्हणणे हा आधार नव्हे. तिचे ऐकून घेणे, तिच्या बाजूने उभे राहणे हा आधार.

पहाटेची लोकल धरणाऱ्याला वेळ नसतो, हे आम्ही जाणतो. म्हणून मागणे छोटे आहे. रविवारी वंदनेनंतर विहारात एवढेच विचारा: या आठवड्यात कोण दिसले नाही? दोघांनी त्यांच्या घरी जावे, दहा मिनिटे बसावे. दवाखान्यात सोबत लागत असेल तर जावे. मन फारच खचले असेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर फोन लावून द्यावा. सोबत औषधाची जागा घेत नाही, पण औषधापर्यंत नेते. आणि जाणाऱ्यालाही कळते की आपली कुणाला तरी गरज आहे. जगण्याला अर्थ येतो तो इथूनच.

जयभीम. नमो बुद्धाय.