आरशाशी वैर

दिवाळी तोंडावर आली की माझ्या मरोळच्या दवाखान्यात एक वेगळीच गर्दी सुरू होते. ताप नाही, खोकला नाही. पोट बिघडायला तर अजून कढईसुद्धा चुलीवर चढलेली नसते. पुढे आई आणि तिच्या पाठीमागे, ओढणीने अर्धा चेहरा झाकलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी. नाही तर कपाळावर केस ओढून घेतलेला मुलगा. आई खुर्चीवर टेकण्याआधीच सांगते, "डॉक्टर, भाऊबीजेच्या आत हिचा चेहरा साफ झाला पाहिजे हो! फोटो काढायचे असतात." मुलगी मात्र काही बोलत नाही. ती जमिनीवरच्या फरश्या मोजत असते.

वाचकहो, या फरश्या मोजणाऱ्या मुलांविषयीच आज लिहायचे आहे. "वयात आले की मुरुमे येतात, वय सरले की जातात," एवढ्या एका वाक्यात घरची वडील माणसे हा विषय मिटवून टाकतात. वाक्य पुष्कळसे खरे आहे. पण येणे आणि जाणे यांच्यामध्ये चार-सहा वर्षे असतात, आणि माणसाच्या आयुष्यातली नेमकी तीच वर्षे फार नाजूक असतात.

हे दुखणे काही आजकालचे नाही. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या प्रकरणात याचे वर्णन आहे. तरुणांच्या तोंडावर उठणारे, काटेसावरीच्या काट्यांसारखे फोड, असे सांगून त्यांना नाव दिले आहे 'मुखदूषिका'. क्षुद्र म्हणजे किरकोळ. पण तोंडाला दूषण आणणारी, हे नाव देणाऱ्याला रोग्याच्या मनातले दुःख कळले असावे, असे मला वाटते. आज बारा ते चोवीस वर्षे वयाच्या दर 100 जणांपैकी सुमारे 85 जणांना कमीअधिक प्रमाणात मुरुमे होतात, असा वैद्यकीय अंदाज आहे. म्हणजे ज्याला ती झाली नाहीत तोच अपवाद!

होते काय, तर वयात येताना शरीरात जे अंतःस्राव वाढतात त्यांच्यामुळे कातडीतल्या तैलग्रंथी जास्त तेल पाझरू लागतात. त्याच वेळी रंध्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशींचे बूच बसते. आत तेल कोंडते, तिथे नेहमीच राहणारे जंतू माजतात आणि जागा सुजून लाल होते. बुचाचे काळे टोक दिसते तो मळ नव्हे, तर कातडीतलेच रंगद्रव्य. तेव्हा औद्योगिक वसाहतीच्या धुळीला किंवा मुलीच्या 'नीट तोंड न धुण्याला' दोष देण्यात अर्थ नाही. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने तोंड धुणे पुरे. काथ्याने घासल्यासारखे घासले तर मुरुमे चिडतात, कमी होत नाहीत.

दुसरा आरोप जिभेवर. मरोळला सुक्या मासळीचा जुना बाजार. त्यामुळे आमच्याकडे पहिला बळी जातो तो सुकट-बोंबलांचा! "उष्णता वाढते" म्हणून एका आईने मुलाचे मासे, अंडी, आंबा, शेंगदाणे, सगळे तोडले. पोरगा वाळला, मुरुमे तशीच. सुक्या बोंबलाने मुरुमे होतात असा काही पुरावा नाही. गोडाची आणि मैद्याची गोष्ट थोडी निराळी आहे. ऑस्ट्रेलियात 43 तरुणांवर केलेला एक प्रयोग 2007 साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी बारा आठवडे साखर आणि रक्तातली साखर झरझर वाढवणारे पदार्थ कमी केले, त्यांची मुरुमे इतरांपेक्षा अधिक उतरली. प्रयोग लहान आहे, हे ध्यानात ठेवावे. शंकरपाळे बेताने खावेत. पण ताटातला करंजीचा तुकडा पोरीच्या हातून काढून घेण्याइतका हा गुन्हा मोठा नाही.

आता मनाकडे वळू. बारावीतली एक मुलगी आली. मेट्रो एक 2014 साली आमच्या नाक्यावर आली आणि 2024 साली जमिनीखालचीही आली. पण ही मुलगी भुयारी गाडी सोडून बसने, गर्दीत ताटकळत कॉलेजला जायची. आईला वाटे, मैत्रिणींबरोबर रेंगाळते. मी तिला एकटीला विचारले, तेव्हा पुष्कळ वेळाने म्हणाली, "डॉक्टर, बोगद्यात गाडीच्या काचेचा आरसा होतो." पुढे तिने वर्गातला पहिला बाक सोडला, मग वाढदिवसांना जाणे सोडले, मग आठवड्यातून दोन दिवस कॉलेजच सोडले. घरी समजूत अशी की मोबाइलने अभ्यास बिघडला. तिच्या चेहऱ्यावर मुरुमे होती किती? आठ-दहा!

त्याच आठवड्यात एक मुलगा आला. गाल, मान, पाठ सगळीकडे मोठाले फोड. पण साहेब शिट्टी वाजवत आत आले. क्रिकेट, मित्र, गणपतीचे मंडळ, सगळे ठीक चाललेले.

या दोघांकडे नुसते पाहून कोण अधिक आजारी हे ठरवणारा डॉक्टर फसेल. म्हणूनच कार्डिफच्या मोटली आणि फिनले या डॉक्टरांनी 1992 साली पाच प्रश्नांची एक छोटी मोजपट्टी केली. गेल्या महिनाभरात मुरुमांमुळे चिडचिड झाली का, शरम वाटली का? मित्रमंडळींत मिसळणे अडले का? चारचौघांत कपडे बदलणे किंवा पोहायला जाणे टाळले का? आपल्या कातडीविषयी मनात काय येते? आणि तुझ्या मते दुखणे किती मोठे आहे? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण 15. मुलाचे गुण झाले तीन, मुलीचे तेरा.

याला लाड म्हणू नका. ब्रिटनमध्ये मुरुमांच्या रुग्णांची एक पाहणी 1999 साली प्रसिद्ध झाली. दमा, अपस्मार, मधुमेह, संधिवात अशा दुखण्यांच्या रुग्णांना जेवढा मानसिक आणि सामाजिक त्रास होतो, तेवढाच मुरुमांच्या रुग्णांनाही होतो, असे तीत दिसले. ओस्लो शहरातल्या 3,775 तरुण मुलामुलींची पाहणी 2011 साली छापून आली. फार मुरुमे असलेल्यांत जीव देण्याचे विचार, इतरांच्या मानाने, मुलींत दुप्पट आणि मुलांत तिप्पट आढळले. मुरुमे हेच त्याचे एकमेव कारण असे यावरून सिद्ध होत नाही, पण हे आकडे वाचल्यानंतर "त्यात काय एवढं!" हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. त्या मुलांच्या तिपटीकडे पुन्हा पाहा. आपल्याकडे मुलगा चेहऱ्याबद्दल बोलला तर "बायकी आहेस का?" म्हणून हसतात. तो मग बोलणे बंद करतो. शिट्टी वाजवणारा सगळ्यांनाच भेटतो. न वाजवणारा दवाखान्यापर्यंत येतच नाही.

न बोलणारी मुले काय करतात, तर गुपचूप दुकानातून मलम आणतात. मित्राने सांगितलेली ट्यूब चार दिवसांत चेहरा काचेसारखा करते, कारण तिच्यात स्टेरॉइड असते. महिन्या-दोन महिन्यांनी कातडी पातळ आणि लाल होते, नव्या पुळ्या उठतात, आणि मलम थांबवावे तर चेहरा पेटल्यासारखा भडकतो. 2018 साली केंद्र सरकारने अशी कित्येक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन घातले. तरीही ओळखीने ट्यूब मिळते, आणि ती गोरेपणासाठीही चोपडली जाते. लिंबू, टूथपेस्ट यांचे घरगुती प्रयोगही नकोत. आपल्या सावळ्या कातडीवर आग झाली की मागे काळे डाग राहतात आणि ते मुरुमांपेक्षा जास्त महिने छळतात. मुरूम फोडू नये, तेही याचसाठी.

औषधे आहेत, आणि चांगली आहेत. बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि अडॅपलीन यांसारखी मलमे बहुतेकांना पुरतात. खोल गाठी, व्रण असतील तर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या असतात. पण त्या त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. गर्भाला त्यांनी गंभीर व्यंग येते, आणि त्या चालू असताना मनःस्थितीवरही लक्ष ठेवावे लागते. मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावे. मात्र कोणत्याही औषधाला निदान सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. भाऊबीजेची मुदत मी कोणालाच देत नाही.

त्या मुलीला मलम दिले, पण त्याआधी आईला बाहेर बसवून तिचे ऐकून घेतले. आणि मग आईला आत बोलावून पाच प्रश्नांचा कागद दाखवला. माउली बराच वेळ तो हातात धरून बसली. मग म्हणाली, "घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी हिच्या तोंडावरच बोलतो हो. आणि मीही." पुढे तीन महिन्यांनी मुरुमे निम्म्यावर आली होती, पण मुलगी पहिल्या बाकावर परतली ती त्याच्या आधीच. घरात चेहऱ्याचा विषय बंद झाला होता, एवढेच.

आई-बाबांना माझे सांगणे थोडके आहे. "तुझा चेहरा कसा झालाय" याऐवजी "तुला त्रास होतो का?" असे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मूल खोलीत कोंडून घेऊ लागले, जेवण-झोप बिघडली, "मी नसलेलंच बरं" असे पुटपुटले, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नका. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट मनाचे दार उघडते. 2022 पासून सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा चालू आहे. 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. हा क्रमांक घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

आणि आत्या, मावश्या, काकूंनो, सणाला घरोघर जाल तेव्हा दारातच पोरीची हनुवटी वर करून "अगं, हे काय गं तोंडावर?" असे म्हणू नका. तिला ते ठाऊक आहे. सकाळपासून दहा वेळा तिने ते आरशात पाहिले आहे. तिला विचारा, चकली कोणी केली? रांगोळी कोणी काढली? बहुधा तिनेच काढलेली असेल.